तोंडाला रंग लावण्यापूर्वी

गेल्या भाऊबिजेला आम्ही डोंबिवलीस आमच्या अक्काकडे गेलो होतो. ओवाळणी झाली, फराळाची ताटे पुढे आली, आणि अक्काने इतका वेळ कशीबशी आवरून धरलेली वार्ता सांगून टाकली. तिच्या धाकट्या चिरंजीवाला एका व्यावसायिक नाटकात भूमिका मिळाली होती. महाविद्यालयात असल्यापासून एकांकिकांच्या स्पर्धा करीत हिंडणारा हा मुलगा. तो आता तिकिटे काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे उभा राहणार! भूमिका नायकाची नव्हे, परंतु दोन्ही अंकांत तिचा वावर आहे, असे त्याने विनयाने सांगितले. घरातील आबालवृद्धांस आनंद झाला. अक्काच्या सासूबाईंनी आपल्या वडिलांकडून ऐकलेली बालगंधर्वांची एक आठवण पुन्हा एकदा सांगितली, आणि आम्ही सर्वांनी ती पहिल्यांदाच ऐकत असल्याप्रमाणे ऐकली.

त्या आनंदात मी एक अरसिक प्रश्न विचारला. "काय रे, मोबदल्याचे काय ठरले?"

भाचा एकदम गप्प झाला. चकलीचा तुकडा मोडीत म्हणाला, "मामा, ते बोलणे अजून झालेच नाही. तालमी सुरू होऊन पंधरा दिवस झाले. आता मध्येच कसे विचारायचे?"

"विचारूच नकोस," अक्काचे थोरले दीर भाऊसाहेब म्हणाले. "भूमिका मिळाली हेच पुष्कळ आहे. पैशाची गोष्ट आधी काढणारा कलावंत लोकांच्या मनातून उतरतो. आधी नाव होऊ दे. पैसा आपल्या पायांनी चालत येईल."

भाऊसाहेब मला वडील, त्यातून अक्काच्या सासरचे; मी प्रत्युत्तर केले नाही. परंतु परतताना गाडीत एक गोष्ट मला राहून राहून आठवत होती. सहा महिन्यांपूर्वी भाऊसाहेबांच्या स्वतःच्या मुलास एका संगणक कंपनीचे नेमणुकीचे पत्र आले होते. ते पत्र भाऊसाहेबांनी चष्मा लावून ओळीओळीने वाचले. मूळ पगार किती, भविष्यनिर्वाह निधी किती, नोकरी सोडावयाची झाल्यास किती महिन्यांची सूचना द्यावी लागेल, हे सर्व त्यांनी तपासले. एक कलम संदिग्ध वाटले तेव्हा मुलाकडून कंपनीला लिहवून खुलासा मागविला. तेथे विचारणे हे व्यवहारचातुर्य, आणि येथे विचारणे हा हलकेपणा! एकाच माजघरात हे दोन न्याय कसे नांदतात, याचा विचार करता करता मी दादरला उतरावयाचे विसरलो.

या दुहेरी न्यायाचे मूळ मला आपल्या भाषेतही दिसते. कारकुनाला आपण पगार देतो, गवंड्याला मजुरी देतो, वकिलाला फी देतो; नटाला मात्र मानधन देतो. शब्द मोठा गोंडस आहे. परंतु पगार थकतो तेव्हा तो थकला असे म्हणता येते आणि मजुरी बुडविली तर मजूर चार लोकांत ओरडू शकतो. मानधन थकले असे म्हणावयाचे झाले तर नटाची जीभ अडखळते. कारण मान म्हणून जे दिले जाते ते मागावयाचे कसे? मागितले की त्यातील मान गेला, आणि न मागावे तर धन गेले. बहुधा दोन्हीही जातात.

ही अडचण जुनी आहे. सांगलीस १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग केला तेव्हा नटांच्या पोटापाण्याची चिंता संस्थानिकांच्या आश्रयामुळे मिटली होती. चिंतामणराव पटवर्धन १८५१ साली निवर्तले, आश्रय सुटला, आणि भाव्यांना आपली मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. तेव्हापासून नटाचा अन्नदाता म्हणजे तिकीट काढणारा प्रेक्षक. मात्र प्रेक्षकाचा पैसा नटाच्या हाती येण्यापूर्वी मालकाच्या हातून जात असे, आणि मधल्या त्या वाटेत किती गळावा याचा नियम कोठेच लिहिलेला नव्हता.

पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यास रंगभूमीवर आले आणि संगीत मंडळ्यांचा काळ सुरू झाला. या मंडळ्यांचा संसार पाहिला तर आपल्यासारख्या एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना तो अगदी ओळखीचा वाटेल. एक मोठे बिऱ्हाड, एक आचारी, एक पंगत. मालक हा कुटुंबाचा कर्ता. आजारी पडलेल्याला औषध मिळे, पावसाळ्यात खेळ बसले तरी दोन वेळचे जेवण मिळे. चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी' किंवा गणपतराव बोडसांची 'माझी भूमिका' ज्यांनी वाचली असेल त्यांना या संसारातील माया आणि तंटे दोन्ही ठाऊक असतील. केशवराव भोसले स्वदेशहितचिंतक मंडळीत आले ते चार-पाच वर्षांचे असताना! त्या वयाचे मूल काय बोलणी करणार? बोलणी करावयाची ती घरच्यांनी. आणि घरी दारिद्र्य असले म्हणजे मुलाला पोटभर अन्न मिळते आहे, गाणे शिकावयास मिळते आहे, यापलीकडे घरचे तरी काय मागणार?

एकत्र कुटुंबात धाकट्या भावाने कर्त्याजवळ हिशेब मागणे हे आजही आपल्यात बरे मानले जात नाही. पटेनासे झाले म्हणजे एकच मार्ग उरतो, तो वेगळे होण्याचा. आपल्या थोर नटांनी हाच मार्ग धरला. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली हुबळीस ललितकलादर्श काढली. किर्लोस्कर मंडळीत व्यवस्थापक शंकरराव मुजुमदार यांच्याशी पटेनासे झाले तेव्हा बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि ५ जुलै १९१३ रोजी गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. त्यानंतर किर्लोस्करांकडे आलेले मास्टर दीनानाथ चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह १९१८ साली निघाले आणि बळवंत संगीत मंडळी झाली. दहा वर्षांत तीन मोठ्या वाटण्या. ज्याच्या गळ्यावर गल्ला भरतो त्याने गल्ल्याचा मालक व्हावे, यात अन्याय काहीच नाही. उलट त्यामुळे मराठी रंगभूमीचे वैभव वाढले हे कोण नाकारील?

परंतु या उपायाचे दोन दोष होते. पहिला असा की उत्तम नट हा उत्तम मालक असतोच असे नाही. गंधर्व मंडळीतून आधी टेंबे गेले, मागाहून बोडस गेले, आणि १९२१ साली एकटे बालगंधर्व मालक झाले तेव्हा मंडळीवर लाखाच्या घरातील कर्ज होते. खरे अत्तर, खरे जरीचे शालू, देशोदेशीचे साथीदार. रंगभूमीवर खोटे काही चालावयाचे नाही हा त्यांचा बाणा होता, आणि बाण्याचे बिल दरमहा येत असे. ते कर्ज त्यांनी गाऊन फेडले, हेही तितकेच खरे. पण ज्याच्या एका तानेवर नाट्यगृह डोलत असे त्याला उतारवयात विपन्नावस्था पाहावी लागली.

दुसरा दोष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वेगळी चूल मांडण्याची ऐपत ज्याला होती तो सुटला. ज्याला नव्हती त्याचे काय? दुय्यम भूमिका करणारा, दासीच्या किंवा शिपायाच्या वेषात दोन वाक्ये बोलून आत जाणारा, पेटीवाला, तबलजी, यांना फार तर एका मंडळीतून दुसरीत जाता येई. मालक बदले, मालकी बदलत नसे. कालपर्यंत आपल्या शेजारी पंगतीला बसणारा नट आज कर्ता झाला, एवढाच फरक. सर्वांसाठी मिळून एक रीत ठरवावी, ती लिहून काढावी आणि ती मोडणाऱ्याला जाब विचारावा, हे कोणाच्या मनात आले असेल. पण घडले नाही.

तसे घडणे अशक्य होते काय? याच १९१३ सालच्या उन्हाळ्यात, गंधर्व मंडळी स्थापन होण्याच्या चाळीस दिवस आधी, दूर न्यूयॉर्क शहरी दुसरीच एक संस्था जन्मली होती. २६ मे रोजी पॅब्स्ट ग्रँड सर्कल नावाच्या हॉटेलात ११२ नट-नटी एकत्र जमल्या आणि त्यांनी 'अ‍ॅक्टर्स इक्विटी असोसिएशन' स्थापन केली. फ्रान्सिस विल्सन हा लोकप्रिय विनोदी नट पहिला अध्यक्ष झाला. इक्विटी म्हणजे न्याय्य वागणूक. यात कोणी वेगळे निघाले नव्हते; जेथे होते तेथेच राहून त्यांना रीत बदलावयाची होती.

अमेरिकेतील नटाची त्या वेळची स्थिती ऐकली तर आपल्या मंडळ्यांतील पंगत बरी वाटावी. तालमींना पगार नसे, आणि तालमी किती आठवडे चालाव्यात यालाही धरबंध नसे. दोन-अडीच महिने घरचे खाऊन तालमी कराव्यात आणि नाटक चार दिवसांत कोसळले तर चार दिवसांचे पैसे घेऊन घरी जावे. सामाजिक नाटक असेल तर पोशाख नटाने, विशेषतः नटीने, आपल्या पैशाने शिवावेत. नाताळच्या आधीचा आठवडा आणि ईस्टरपूर्वीचा आठवडा या दिवसांत प्रेक्षक कमी, म्हणून पगार अर्धा. मात्र सुट्टीच्या दिवशी प्रेक्षक लोटले आणि जादा खेळ लावला तर त्याचे वेगळे काही नाही. करारात एक कलम असे असे की नटाचे काम मालकाला समाधानकारक वाटले पाहिजे. समाधान मोजण्याचे माप अर्थातच मालकाच्या खिशात! आणि दौऱ्यावर असताना मालकाचे दिवाळे वाजले तर तो रातोरात पसार होई, आणि नट परगावी हॉटेलच्या बिलासह अडकून पडत. हाती पेटी घेऊन आगगाडीच्या रुळांवरून पायी घरी निघालेला नट हा तिकडे थट्टेचा एक ठरीव विषय होऊन बसला होता.

पहिली सहा वर्षे या संस्थेने अर्ज-विनंत्यांत घालविली. १९१७ साली मालकांनी एक नमुन्याचा करार मान्य केला, पण तो वापरला फारच थोड्यांनी. १९१९ साली मालकांनी आपला नवा संघ काढला आणि नटांच्या संस्थेशी बोलण्यासच नकार दिला. आता उरला मार्ग होता तो मजूर संघटनांच्या महासंघात जाण्याचा. आणि येथे नटांचे पाऊल अडखळले. आपण कलावंत, सुतार, गवंडी आणि खाणकामगार यांच्या रांगेत उभे राहावयाचे काय? त्यांच्याही भाषेत 'मानधना'चा एखादा भाऊबंद असावा. अखेर जुलै महिन्यात ते त्या रांगेत उभे राहिले. गंमत अशी की नाट्यगृहात पडदे ओढणाऱ्या आणि दिवे लावणाऱ्या कामगारांचा संघ १८९३ सालापासूनच होता. ज्यांना कलावंत म्हणवून घेण्याचा मोह नव्हता त्यांना आपला हिशेब वीस वर्षे आधी समजला होता.

७ ऑगस्टच्या रात्री ब्रॉडवेवरील डझनभर नाट्यगृहांत प्रेक्षक येऊन बसले आणि पडदा वर गेलाच नाही. त्यानंतर महिनाभर हा संप चालला, तो आठ शहरांत पसरला, आणि त्यापायी ३७ नाटके बंद पडली व १६ नाटकांचे नियोजित प्रयोग सुरूच होऊ शकले नाहीत. मालकांनी नटांवर नुकसानभरपाईचे दावे लावले, न्यायालयातून मनाईहुकूम आणले. एड विन या विनोदी नटाला रंगमंचावर काम करण्याची अशीच मनाई झाली होती. संपाच्या मदतीसाठी झालेल्या प्रयोगात तो प्रेक्षागृहातील वाटेत उभा राहिला आणि रंगमंचावर चढू दिले असते तर आपण काय काय केले असते ते त्याने प्रेक्षकांना सांगितले. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली.

या संपातील मला सर्वांत आवडलेली व्यक्ती म्हणजे फ्रँक बेकन. पुष्कळ वर्षे लहानसहान कंपन्यांतून फिरण्यात गेली. चौपन्नाव्या वर्षी, १९१८ साली, 'लाइटनिन' नावाच्या नाटकाने त्याला पहिले मोठे यश दिले. नाटक त्याने दुसऱ्या एकासह लिहिले होते आणि मुख्य भूमिकाही त्याचीच. आयुष्यभर वाट पाहून हाती आलेले ताट! संप झाला तेव्हा तोही बाहेर पडला, आणि त्याचे सर्व सहकारी 'वीज कडाडली' अशा अर्थाचा, नाटकाच्या नावावरच कोटी करणारा फलक घेऊन रस्त्यावर आले. एथेल बॅरिमोर आणि तिचा भाऊ लायोनेल यांना पैशाची ददात नव्हती. त्यांनीही मदतीच्या प्रयोगांत काम केले. समूहात नाचणाऱ्या व गाणाऱ्या मुलींची दशा सर्वांत वाईट. त्यांची वेगळी शाखा १२ ऑगस्टला निघाली आणि तिची अध्यक्षा झाली मेरी ड्रेसलर, जी स्वतः कधी काळी त्याच रांगेत नाचली होती. ज्यांचे स्वतःचे भले चालले होते अशा माणसांनी, ज्यांचे चालले नव्हते त्यांच्यासाठी आपले खेळ थांबविले. पुढे पडदेवाले आणि वादकही कामावरून उठले, तेव्हा मालकांचा नाइलाज झाला. ६ सप्टेंबरला तह झाला.

तहात काय मिळाले? आठवड्याला आठ खेळ. त्यावरील खेळाचे वेगळे पैसे. विनावेतन तालीम गद्य नाटकाला चार आठवडे आणि संगीतिकेला पाच आठवडे, त्यापलीकडे नाही. समूहातील मुलींचे पोशाख, मोजे आणि बूट यांसह, मालकाने द्यावयाचे. तंटा झाल्यास दोन्ही बाजूंचे पंच बसावयाचे. वाचकांच्या लक्षात येईल की तालमीचे पैसे यात नाहीतच. ते मिळावयास १९३० नंतरचे दशक उजाडावे लागले. मालकाने नटांच्या पगाराची हमी म्हणून काही रक्कम आधीच अनामत ठेवावी, ही पद्धतही मागाहून आली आणि ती आज चालू आहे. संपापूर्वी तीन हजारांच्या आत असलेली सभासदसंख्या मात्र महिन्याभरात सुमारे चौदा हजारांवर गेली. बेकनचे ताटही कोणी पळविले नाही. 'लाइटनिन' पुन्हा सुरू झाले आणि १९२१ पर्यंत त्याचे १,२९१ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर तोवर एवढे कोणतेही नाटक चालले नव्हते.

याच कथेत एक नट असाही आहे की ज्याच्याविषयी मला वाईट वाटते. जॉर्ज कोहन हा नट, नाटककार, गीतकार आणि नाट्यगृहांचा मालक. सर्वसामान्य नटांशी उदारपणे वागणारा. त्याला हा संप म्हणजे कृतघ्नपणा वाटला. त्याने मालकांची बाजू घेतली, विरोधी संस्थेचे नेतृत्व केले, आणि जन्मभर तो इक्विटीचा सभासद झाला नाही. आपण सर्वांना सांभाळतो आहोत, मग हे कागद कशाला मागतात, हा त्याचा प्रश्न होता. प्रत्येक एकत्र कुटुंबातील प्रत्येक प्रेमळ कर्त्याने हा प्रश्न कधी ना कधी विचारलेला आहे. माझ्या वडिलांनीही विचारला होता.

आपल्याकडील मंडळ्यांना दोष देताना एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. न्यूयॉर्कला शेजारीशेजारी असलेली पुष्कळ नाट्यगृहे थोड्या मालकांच्या हाती होती. तेथे एका रात्रीत सगळीकडे कुलपे लावता येत होती. आपल्या मंडळ्या एक नागपुरास तर दुसरी बेळगावास, आणि मालक अनेकदा नटाइतकाच कर्जात. कोणाविरुद्ध संप करावयाचा?

आता त्या मंडळ्याही नाहीत आणि ती पंगतही नाही. आजच्या व्यावसायिक नाटकात नटाला मिळते ती 'नाईट', म्हणजे दर प्रयोगाची ठरलेली रक्कम. प्रयोग झाला तर नाईट, न झाला तर काही नाही. महिन्याला वीस प्रयोग झाले तर ठीक. परीक्षांच्या आणि पावसाच्या दिवसांत चारच झाले तर चार. तालमीचे दोन महिने बहुधा कोरडेच जातात. माझा भाचा डोंबिवलीहून दादरला येई, रात्री दहाला सुटे, बाहेर काहीतरी खाई आणि शेवटच्या गाड्यांनी घरी जाई. हा खर्च अक्काच्या डब्यातून निघत होता हे भाऊसाहेबांना ठाऊक नव्हते. नायकाची नाईट नायक स्वतः ठरवितो, कारण नाव त्याचे. बाकीच्यांची उरलेल्यातून ठरते. पडद्यामागील रंगमंच कामगारांनी आपला संघ बांधला. येथेही ते नटांपेक्षा शहाणे निघाले. चित्रपटात काम करणाऱ्यांसाठी संसदेने १९८१ साली कायदा करून लेखी कराराची अट घातली. तो कायदा नाटकाच्या नटापर्यंत पोचला नाही.

आणि ज्यांच्याकडे आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या नाक मुरडून पाहत आली त्या तमाशाच्या फडांत पाहा. नारायणगावच्या राहुट्यांत हंगामाच्या सुपाऱ्या ठरतात, आणि कलावंत पायांत चाळ बांधण्यापूर्वी 'उचल' घेतो. उचलीत पिळवणूकही आहे, ती फेडता फेडता माणूस फडाला बांधला जातो, हे मी जाणतो. पण पैशाचे बोलणे आधी करण्यात त्यांना संकोच वाटत नाही.

कार्तिकी एकादशीनंतरच्या रविवारी भाचा माझ्याकडे आला. भाऊसाहेबांना न सांगता आला होता. आम्ही कागद घेऊन बसलो. किती मागावे हे मी त्याला सांगू शकत नव्हतो. तो बाजार मला माहीत नाही. पण काय काय विचारावे हे कोणत्याही नोकरदाराला सुचेल तसे सुचत गेले. मी म्हणालो, "एकटा जाऊ नकोस. बरोबरच्यांना काय सांगितले आहे ते आधी विचार."

त्याने विचारले, तर प्रत्येकाला वेगळे सांगितले होते आणि दोघांना काहीच सांगितले नव्हते. आईची भूमिका करणाऱ्या बाई तीस वर्षे रंगभूमीवर आहेत. त्यांनी त्याला एक युक्ती सांगितली ती मला फार मार्मिक वाटली. त्या म्हणाल्या, "बाळ, नाईट किती हे आधी विचारायचे नाही, नाईट केव्हा मिळणार हे विचारायचे. किती हे सगळे तोंडभरून सांगतात. केव्हा म्हटले की माणूस कळतो." याच बाईंनी आणखी एक मुद्दा काढला, जो मला किंवा भाच्याला सुचला नव्हता: दौऱ्यावर स्त्रियांना कपडे बदलण्याची आणि रात्री उतरण्याची सोय काय, आणि कोणी वावगे वागला तर तक्रार कोणाकडे करावयाची. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा माणसे कामाला असली तर समिती नेमावी लागते, त्याहून कमी असली तर जिल्ह्याची समिती असते. तालमीची जागा हीही कामाचीच जागा, हे आमच्या पैकी कोणाच्या मनातच आले नव्हते.

पाचजण मिळून निर्मात्याकडे गेले. निर्माता दुष्ट नव्हता. त्याने आपली वही पुढे ठेवली: नाट्यगृहाचे भाडे, वर्तमानपत्रातील जाहिरात, नेपथ्याचा टेम्पो, बस, लेखकाचे पैसे. शनिवार-रविवारची कमाई मधल्या वारी जाते, असे तो म्हणाला, आणि आकडे पाहता ते खोटे वाटत नव्हते. नाईट वाढली नाही. पण ती प्रयोगाच्या रात्रीच, घरी जाण्यापूर्वी मिळेल. उरलेल्या तालमींचे गाडीभाडे व एक वेळचे खाणे मिळेल. भूमिकेवरून काढावयाचे किंवा सोडावयाचे झाल्यास दोन्ही बाजूंनी पंधरा दिवस आधी सांगावे. परगावी राहण्याची सोय निर्मात्याची आणि स्त्रियांना वेगळी खोली. एवढे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली. प्रयोगाचे चित्रण करून ते विकले तर नटांना काय, या प्रश्नाला मात्र त्याने पुढे पाहू असे उत्तर दिले. तो मुद्दा अजून तसाच लोंबकळत आहे. मुख्य नटाने या भानगडीत भाग घेतला नाही. पण कागद पाहून, "मलाही एक प्रत द्या," असे म्हणाला.

तो कागद भाच्याने भाऊसाहेबांना दाखविला. त्यांनी चष्मा लावला, ओळीओळीने वाचला, आणि पंधरा दिवस म्हणजे कामाचे की साधे, हे लिहावयाचे राहिले आहे, असे दाखवून दिले.

डोंबिवलीस सावित्रीबाई फुले नाट्यगृहात प्रयोग लागला तेव्हा अक्काच्या घरी नेहमीप्रमाणे पासांची चर्चा निघाली. घरचा मुलगा नाटकात; मग पास का नाहीत? आत्याबाईंना पास, शेजारच्या जोश्यांना पास. भाचा काही बोलला नाही. भाऊसाहेबच उठले, आणि सकाळी नाट्यगृहाच्या खिडकीवर उभे राहून त्यांनी अकरा तिकिटे विकत आणली.